कोबी-फ्लॉवर: आधी पान उलटा, मग पंप पाठीवर घ्या

चार दिवस आभाळ दाटलंय. लागवडीला तीन आठवडे झाले असतील तर आज संध्याकाळीच प्लॉटात जा, पंचवीसेक झाडांची पानं उलटून अळी आहे का बघा. वरून हिरवागार आणि खालून चाळण, असे प्लॉट मी दर रब्बीला बघतो. बांधावरूनच 'काही नाही' म्हणणारे पुढे गड्डा धरताना कपाळाला हात लावतात.

हात लावताच वळवळत मागे सरकते नाहीतर धाग्याला लोंबकळते, दोन्ही टोकांना निमुळती, पोपटी, जेमतेम सेंटिमीटरभर, ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. ती पान खालून खरवडते, वरचा पापुद्रा काचेसारखा उरतो. पाठीची कमान करत चालणारी उंटअळी. काळपट, शिवल्यावर वेटोळं करून खाली पडणारी, ती मोहरीवरच्या माशीची. तिच्यावर बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) चालत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही.

पानाखाली तपकिरी लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर तो स्पोडोप्टेराचा, म्हणजे पानं खाणाऱ्या अळीचा. पान तोडा, साबणाच्या पाण्यात बुडवा, काम फुकटात झालं. आठ दिवस थांबलात तर अळ्या प्लॉटभर पांगतात. मोठ्या झाल्या की दिवसा मातीत दडतात आणि दुपारची फवारणी नुसती पानावर वाळते.

नुसतं 'अळी पडलीय' म्हणून दुकानात गेलात की दोन बाटल्या आणि वर टॉनिक गळ्यात पडतं. चौकोनी ठिपक्यांचा पतंग डीडीटी या जुन्या कीटकनाशकाला दाद देत नाही, ही नोंद जावा बेटावर १९५३ सालीच झाली. म्हणजे औषध अंगवळणी पडतं. एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका.

झाडामागे सरासरी २ अळ्या दिसल्या की ५ टक्के निंबोळी अर्क. पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी बीटी, लिटरला १ ग्रॅम. तरीही आटोक्यात नसेल तरच इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, १० लिटरला ४ ग्रॅम. नंतर ३ दिवस काढणी बंद. माझा एक ठोकताळा: तिन्हीसांजेला झाडांवरून काठी फिरवा. बारीक राखाडी पतंग भुर्रकन उडाले, तर आठवडाभरात अळी आलीच समजा.

बाकी कामं:
- पतंग मोहरीकडे ओढला जावा म्हणून कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी. एक लागवडीआधी १५ दिवस, दुसरी नंतर २५ दिवसांनी
- एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग अडकवणारे)
- पक्षीथांबे (अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या)
- काढणीनंतर बुडखे उपटून गाडणे

कोबीचं पान मेणचट, पाणी ओघळून जातं. स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रावण) तेवढं विकत घ्या आणि नोझल पानाखाली धरा.