डिशवॉशरमध्ये भांडे कसे लावाचे, बोअरच्या पाण्यावाल्यांसाठी

मशीनमध्ये आपले तेलकट भांडे निघत नाहीत असं गावात सगळेच म्हणतात, पण मी दोन वर्षं झाले वापरते, आणि पाटवडीच्या रश्श्याचा गंज (म्हणजे पातेलं), वरची तर्री वाळून चिकटलेली, तोही चकाचक निघते. चूक बहुतेक वेळा लावण्यात असते नाही तं पाण्यात.

पहिली गोष्ट, भांडे आधी घासू नका. उष्टं-खरकटं टोपल्यात झाडून घ्या, बस. डिटर्जंटमध्ये एन्झाइम असतात, ते वरणभाताचं वाळलेलं खरकटं फोडतात, मंग आधी धुऊन पाणी कशाला घालवाचं? मशीन एका वेळेला साधारण १० लिटरच घेते, तेच पाणी गाळून गाळून फिरवते. फक्त कणकेची परात तेवढी गार पाण्यानं खरवडून घ्या, गरम पाण्यात कणीक चिकटून बसते.

आत खाली-वर पंखे फिरतात, आणि त्यांचं पाणी जिथं पोचते तेवढंच भांडं निघते. म्हणून गंज, कढई खालच्या रॅकमध्ये पालथे, ताटं मधात तोंड करून, दोन ताटांत बोट जाईल एवढी फट ठेवून. वाट्या आणि गडवे वर, थोडे तिरपे, नाही तं बुडावर पाणी साचते. चमचे एक उलटा एक सुलटा, नाही तं एकमेकात बसून मधात खरकटं तसंच राहते. सुरू कराच्या आधी पंखा हातानं फिरवून पाहा, माझी एकदा झाऱ्याची दांडी अडकली होती तं वरचा सगळा रॅक तसाच्या तसा निघाला.

जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, भांडे टाकूच नका, काळे पडतात, कुकर जर्मनचा असन तं तोही हातानंच घासा. पितळ, तांबं, बिडाचा तवा, लाकडी पोळपाट, हेही नाही.

आता पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड, पहिल्या महिन्यात स्टीलच्या ताटांवर पांढरी राख फासल्यासारखं दिसे आणि मी मशीनलाच दोष देत होती. मिठाचा डबा रिकामा होता! मशीनच्या तळाशी पाणी मऊ करणारा भाग असते, त्याला ताजं कराले डिशवॉशरचंच जाडं मीठ लागते, घरचं आयोडीनवालं चालत नाही. आणि पाण्याचा जडपणा मशीनमध्ये सेट करा लागते, ते बरेच जण करतच नाहीत.

टाकी किती उंच आहे तेही पाहा, अर्धा बार प्रेशर पाहिजे असन तं टाकीतलं पाणी मशीनपेक्षा ५ मीटर वर लागते. जाळी आठवड्यातून एकदा काढून धुवा, माझ्या जाळीत नेहमी भाताचे शितं आणि कढीपत्त्याचे देठ असतात.

प्लास्टिकच्या डब्याचा हळदीचा डाग मात्र मशीनमध्ये जात नाही, तो डबा अंगणात उन्हात ठेवा, दोन-तीन दिवसात फिका पडते.