मालकावरचा राग कामाला लावायचा तर

आवडती फुटबॉल टीम ओळीने हरायला लागली की बेळगावात कॅम्पापासून टिळकवाडीपर्यंत एकच सूर लागतो: मालकाला हाकला. मागणी म्हणून ही सगळ्यात कच्ची. शेअर त्याच्या नावावर असतात, आणि तो विकत नाही तोवर त्याला कुणी हलवू शकत नाही. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा 1995 चा प्रीमियर लीग विजेता क्लब. तो पुण्याच्या व्हेंकीज या कोंबड्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर 2010 मध्ये घेतला आणि 2012 मध्ये तो खालच्या लीगमध्ये गेला. ज्या मॅचमध्ये ते ठरलं तिथे प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली, जगभर फोटो छापून आले. 2017 मध्ये टीम आणखी एक पायरी उतरली, मालक मात्र तेच राहिले.

आता लिव्हरपूल बघा. 77 पौंडांचं तिकीट जाहीर झालं, तेव्हा 6 फेब्रुवारी 2016 ला संडरलँडविरुद्ध 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. टीम तेव्हा 2-0 ने पुढे होती, मॅच 2-2 सुटली. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. मागणी एकच होती, आकड्यात मांडलेली होती आणि मालकाला मान खाली न घालता मान्य करता येण्यासारखी होती. तुमची मागणी या तीन गोष्टींवर घासून बघा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 2025 पर्यंत शेवटच्या नंबरावर राहिलं तरी खाली जायची भीती नव्हती, त्यामुळे हरल्याची झळ मालकाला कमी बसत आली. आणि तो खरंच निघून गेला तर क्लबच उचलला जातो. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली, 2025 मध्ये तीच दिल्लीला गेली. त्याआधी पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स हे सगळे पुण्यातच मिटले. तेव्हा ‘विकून जा’ म्हणण्याआधी घेणारा कोण, हे सांगता आलं पाहिजे.

पहिलं काम कागद वाचण्याचं. क्लब कुठल्या कंपनीच्या नावावर आहे ते तिकिटाच्या मागच्या अटींत किंवा क्लबच्या साइटवर अगदी तळाला बारीक अक्षरात सापडतं. ते नाव कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर टाका आणि 100 रुपये फी भरून दाखल झालेली कागदपत्रं बघा. मार्चअखेरचा हिशेब साधारण ऑक्टोबर संपता संपता चढतो, त्याआधी शोधून उपयोग नाही. इंग्लंडच्या क्लबांचे हिशेब कंपनीज हाऊसच्या साइटवर फुकट दिसतात. नफा-तोटा बघत बसू नका, तोटा बहुतेकांना असतोच. बघायचं ते असं: मालकाने पैसे भांडवल म्हणून घातलेत की कर्ज म्हणून, आणि कर्जावर व्याज लावलंय का, उत्पन्नातला किती वाटा पगारात जातो, देणी वर्षागणिक फुगताहेत का, ऑडिटरने कंपनी पुढे चालण्याबद्दल शंका लिहिलीय का. फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातलेल्या क्लबांची यादी फिफाच्याच साइटवर असते. तिथे आपलं नाव निघालं तर कुणाचं तरी देणं थकलंय असं धरून चाला.

मग पत्र. एक पान, एक मागणी, एक तारीख. ‘सराव मैदानाचा करार कधीपर्यंतचा आहे ते 30 तारखेच्या आत कळवा’ असं. प्रत लीगला, आणि जर्सीवर नाव असलेल्या स्पॉन्सरला. स्पॉन्सरची प्रत विसरू नका, मालकाचा फोन बहुधा तिथूनच वाजतो. जर्सी न घेण्याची मोहीम इथे फुकट जाते, कारण खडेबाजारात मिळतात त्या बहुतेक नकलाच, त्यांतला रुपयाही क्लबला पोचत नाही. ‘चोर’, ‘पैसे खाल्ले’ असले शब्द टाळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानी लागू शकते, आणि मग सगळी चर्चा तुमच्यावरच वळते. ताळेबंदातला आकडा आणि वर्ष लिहा, पुरे.

बॅनर फ्लेक्सचा नको. कर्नाटकात 2016 पासून त्यावर बंदी आहे आणि स्टेडियमच्या दिव्यांखाली तो चकाकतो, वाचता येत नाही. 36 इंच पन्ह्याचा मांजरपाट 4 मीटर घ्या. आधी धुवून खळ काढा, नाहीतर घडी घातली की रंगाचे पोपडे निघतात. रंग पाण्यात मिसळणारा इमल्शन, अर्धा लिटर. ऑइल पेंट कापडाला ताठ करतो आणि घडीत चिकटून बसतो. खाली प्लास्टिक पसरा; वर्तमानपत्र चिकटलं तर सुटत नाही.

अक्षर किती मोठं? दर दहा फुटांना एक इंच. मैदानाची रुंदी 68 मीटर, म्हणजे सुमारे 223 फूट, तेव्हा समोरच्या स्टँडमधून वाचायला 22 इंच तरी हवं. इथे देवनागरीची गोची होते. वर वेलांटी, खाली उकार आला की 36 इंचांतलं मूळ अक्षर 15-16 वर येतं आणि पलीकडून नुसती रेघ दिसते. ‘पगार द्या’ला वर काही नाही, खाली काही नाही; 24 इंची अक्षरं आरामात बसतात. ‘तिकीट कमी करा’ लिहायचंच असेल तर दोन पन्हे जोडून शिवा. काठ्या गेटवर काढून घेतात, म्हणून दर मीटरला वरच्या कडेला नाडी शिवा. मजकुराचा फोटो क्लबला आधी ईमेल करून होकाराची प्रिंट खिशात ठेवा.

गावात जमायचं असेल तर लेले मैदानासारखी मोकळी जागा बरी, चौक नको. त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: किती लोक, किती वाजेपर्यंत, कशासाठी. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास आणि सुवर्णसौधमध्ये (विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत) अधिवेशन असताना विचारूच नका. नुसता मराठी बॅनर दिसला की इथे फुटबॉलचा सीमाप्रश्न व्हायला वेळ लागत नाही, म्हणून कन्नड आणि इंग्रजीतही तेवढ्याच आकारात लिहा. रंगांचंही तेच. एफसी गोव्याचा केशरी भगव्यासारखा दिसतो, ईस्ट बंगालचा लाल-पिवळा कन्नड झेंड्यासारखा. क्लबचं बोधचिन्ह मोठं रंगवा, नाहीतर दोन्हीकडची माणसं विचारायला येतील. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची मॅच एकत्र बघायला जमणार असाल तर ती बहुधा रात्री साडेबारा-दीडला सुरू होते, आणि लाऊडस्पीकर दहानंतर बंद.

फातोर्ड्याला, म्हणजे मडगावच्या एफसी गोव्याच्या स्टेडियमला, जाणार असाल तर चोर्ल्याच्या घाटातून चार तास धरा आणि गेट उघडायच्या वेळेलाच पोचा. बॅनर तपासायला वेळ लागतो, आणि गर्दी वाढली की तो सरळ बाहेर ठेवायला लावतात. बाहेर पडायचं ठरलं असेल तर मिनिट आधी ठरवा आणि प्रत्येक रांगेत ते माहीत असलेला एक माणूस बसवा, नाहीतर चार जण उठतात, बाकीचे ते चहाला चाललेत असं समजतात.

उत्तर बहुधा ‘आपल्या भावना पोचल्या’ एवढंच येईल. ते जसंच्या तसं, तारखेसकट सगळ्यांना दाखवा आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा पाठवा. मागणी वाढवू नका, बदलू नका. मध्ये टीमने दोन मॅचा जिंकल्या तरी पत्र जायलाच हवं, कारण मालक बहुतेकदा त्याचीच वाट बघत असतो.