बॅकलिंक बनवायला सुरुवात करताय? आधी या चुका टाळा

वेबसाइट तयार झाली, दुकानाचे फोटो चढले, व्हॉट्सॲपचं बटणही लागलं, की पुढचा सल्ला येतो, "आता बॅकलिंक बनवा." म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका. सल्ला बरोबर आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गुगलची रचना मांडली तेव्हा तिच्या मुळाशी हेच होतं: एखाद्या पानाकडे कोण बोट दाखवतं, आणि त्या बोट दाखवणाऱ्याला स्वतःला किती मान आहे. आता गुगल आणखी पुष्कळ गोष्टी बघतं, पण लिंक अजूनही हिशेबात आहे. नागपुरात सीताबर्डीपासून हिंगण्यापर्यंत अनेक छोटे व्यावसायिक या कामाला लागलेत, आणि त्यांचे कष्टाचे पैसे नको तिथे जाताना दिसतात, म्हणून हे लिहितोय.

पॅकेज घेऊ नका

"इतक्या रुपयांत पाचशे बॅकलिंक" असा मेसेज आला की डिलीट करा. क्रमवारी वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं किंवा विकणं गुगलच्या नियमांत बसत नाही. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आला आणि अशा लिंकांवर उभ्या असलेल्या असंख्य साइट एकदम खाली गेल्या. २०१६ पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेतच सामावलं आहे, आणि आता अशा लिंका बहुतेक वेळा सरळ धरल्याच जात नाहीत. दंड होत नाही म्हणून खूश होण्यासारखं त्यात काही नाही. पैसे तर गेलेच. त्यातच गुगलच्या माणसांनी साइट तपासून कारवाई केली, तर ती निस्तरायला महिने लागू शकतात.

इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने मला विचारलं, "भाऊ, लिंका तर घेऊन टाकल्या, पण फोन काही येऊन नाही राहिला." लिंका उघडून पाहिल्या. एकाच पानावर कर्ज, कॅसिनो, केस गळतीची औषधं आणि त्यात यांचा मसाला. तिथून गिऱ्हाईक कसं येणार? लिंक घेण्याआधी एवढंच विचारा: गुगल नसतं, तरी ही लिंक मला हवी असती का? उत्तर नाही असेल तर सोडून द्या.

लिंक द्यावी असं पान आधी हवं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. साइटवर तीन ओळींचं "आमच्याविषयी", दरपत्रक आणि पत्ता. यातल्या कशाला कोणी का लिंक देईल? तुमच्याकडे जी माहिती आहे, ती तुम्ही रोज फोनवर फुकट सांगता. तीच लिहून ठेवा.

समजा, तुम्ही संत्र्याची पार्सलं पाठवता. अंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाजारात येतो, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. पुण्या-मुंबईतल्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. दोन्हींची चव, साल, टिकाऊपणा यांतला फरक, पेटी घरी आल्यावर फळं कशी ठेवायची, हे सगळं तुमच्याच बागेतल्या किंवा कळमना बाजारातल्या फोटोंसह एका पानावर मांडा. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ होमस्टे असेल, तर नागपूरहून सिल्लारी, चोरबाहुली आणि खुर्सापार या फाटकांना कसं जायचं, कोणतं कोणाला सोयीचं, पावसाळ्यात काय बंद असतं, हे लिहा. हिंगणा एमआयडीसीत सुटे भाग बनवत असाल, तर मापांचा तक्ता टाका. इंजिनिअर लोक असा तक्ता जपून ठेवतात आणि दुसऱ्याला पाठवतात. असं पान तयार होईपर्यंत कोणाकडे लिंक मागायला जाऊ नका.

आणि मागताना मुखपृष्ठाची नव्हे, त्या पानाची मागा.

जवळची माणसं सोडून लांब धावू नका

परदेशी ब्लॉगांना ईमेल पाठवण्यात वेळ जातो, आणि ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे त्यांना कोणी विचारत नाही. ज्या कंपनीचे तुम्ही डीलर आहात, तिच्या साइटवर डीलरांची यादी असते. त्यात तुमचं नाव आहे, पण लिंक आहे का? विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन किंवा नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संस्थेचे सभासद असाल, तर साइटवर सभासदांची माहिती देतात का ते विचारा. एखाद्या बातमीत तुमच्या दुकानाचा उल्लेख लिंकशिवाय छापून आला असेल, तर मोठं पत्र नको: "नमस्कार, तुमच्या बातमीत आमचा उल्लेख केलात, आभारी आहे. वाचकांच्या सोयीसाठी आमच्या या पानाची लिंक देता येईल का?" बास. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, त्यापुढे नको.

कॉलेजच्या महोत्सवाला पैसे देऊन लिंक मिळत असेल तर ती जाहिरात आहे, आणि त्या लिंकच्या कोडमध्ये "स्पॉन्सर्ड" ही खूण असायला हवी.

प्रत्येकाला लिंकवर "नागपुरी संत्री ऑनलाइन स्वस्त" हेच शब्द लिहायला सांगू नका. खरी माणसं कधी दुकानाचं नाव लिहितात, कधी "इथे वाचा". तसंच राहू द्या. डोमेन ऑथॉरिटी, म्हणजे साइटचं वजन सांगणाऱ्या आकड्यामागेही धावू नका. तो मॉझ या कंपनीचा आकडा आहे, गुगलचा नाही. लिंक नोफॉलो आहे, म्हणजे ती धरू नका अशी गुगलसाठीची खूण तिच्या कोडमध्ये आहे, म्हणून नाकारू नका. २०१९ पासून गुगल त्या खुणेकडे सक्त मनाई म्हणून नव्हे, इशारा म्हणून बघतं, आणि गिऱ्हाईक तर खूण बघतच नाही.

लिंका आल्या, तरी काही हलत नाही?

आधी घर तपासा. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर) असेल, तर त्याच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची एक चौकट असते. साइट बनत असताना तिच्यावर टिक केलेली असते आणि नंतर तशीच राहून जाते. मग साइटची नवी आवृत्ती आली तेव्हा जुने पत्ते बदलले का बघा. जुन्या पत्त्यावर ४०४, म्हणजे "पान सापडलं नाही", असं येत असेल, तर तिथे येणाऱ्या लिंका वाया चालल्यात. प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे कायमचा, वळवा. सगळे मुखपृष्ठाकडे वळवू नका. मिळवलेल्या कितीतरी लिंका एवढ्यानेच परत येतात, तेही फुकटात.

तुम्हाला लिंक देणारं पान स्वतः गुगलमध्ये सापडतं का, हेही शोधून पाहा. सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात लिंक दिसत नाही म्हणून लगेच घाबरू नका. तिथे सगळ्या लिंका दाखवतच नाहीत, आणि नवी लिंक नोंदवली जायला वेळ लागतो.

भलत्याच परदेशी साइटवरून न मागता आलेल्या लिंका दिसल्या, तर डिसअव्हाऊ फाइल, म्हणजे "या लिंका धरू नका" असं गुगलला सांगणारी यादी, बनवायची घाई नको. गुगल त्या बहुधा स्वतःच बाजूला ठेवतं, आणि चुकून चांगल्या लिंका नाकारल्या तर नुकसान तुमचंच. सर्च कन्सोलमध्ये "मॅन्युअल ॲक्शन्स" खाली अनैसर्गिक लिंकांची नोंद आली असेल, तर मात्र ते काम हातात घ्या: विकत घेतलेल्या लिंका काढायला त्या त्या साइटवाल्याला कळवा, ज्या निघत नाहीत त्या फाइलमध्ये टाका, आणि पुनर्विचाराच्या अर्जात कोणाला कधी कळवलं, कोणी काढल्या, कोणी नाही, हे सरळ लिहा.