पोस्टपेडच्या बिलातली अनामत रक्कम अशी परत मिळाली

दारव्ह्याच्या दुकानात पोस्टपेड सिम घेतलं, तेव्हा अनामत रकमेचा विषयही कोणी काढला नव्हता. पहिल्या बिलात मात्र प्लॅनच्या भाड्याखाली 'सिक्युरिटी डिपॉझिट ५०० रुपये'! कापसाचा चुकारा अडकलेला असताना हे फार जिव्हारी लागतं.

अर्जाची प्रत काढून पाहिली, तर डिपॉझिटचा रकाना कोरा. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, १९८ वर, तक्रार केली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, लिहून घेतला. तो घेतल्याशिवाय फोन ठेवूच नका, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. उत्तर आलं, 'नियमच आहे.' मग अर्जाचा फोटो जोडून कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ईमेल केला. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ च्या नियमांनुसार या अपिलाला पैसे लागत नाहीत. पुढच्या बिलात पूर्ण रक्कम वळती झाली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, मलेही माहीत नव्हतं." आता तो डिपॉझिटचं आधीच सांगतो.