युवा संस्थेच्या मंडळावर येताय? आधी परिशिष्टाचा उतारा मागा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तरुणांबरोबर संविधान, जात, लिंगभाव, पाणी, रोजगार अशा विषयांवर शिबिरं आणि अभ्यासगट घेणाऱ्या छोट्या संस्था आहेत. शिबिर कसं घ्यावं हे शिकवणारे भेटतात. पण त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर नव्याने येणाऱ्याला त्याचं काम काय, हे सहसा कुणी नीट सांगत नाही. निवृत्त शिक्षक, वकील, बँकेतले अधिकारी आणि त्याच शिबिरांतून घडलेली पंचविशीतली मुलंमुली यांना ‘या की मंडळावर’ असा निरोप येतो आणि मान राखायचा म्हणून होकार दिला जातो. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

आमचं म्हणणं एवढंच आहे की तरुणांना हक्क शिकवणाऱ्या संस्थेत तरुणांना खरोखर किती अधिकार आहे, हे शिबिराच्या फलकावर दिसत नाही, सार्वजनिक संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्टावर, म्हणजे विश्वस्तांच्या नावांच्या अधिकृत नोंदीवर, दिसतं. पाहुणा म्हणून मंचावर बसणं आणि विश्वस्त असणं यात कायद्याने मोठं अंतर आहे.

होकार देण्याआधी संस्थेची घटना व नियमावली, नोंदणीची प्रमाणपत्रं, परिशिष्ट एकचा ताजा उतारा आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक सामाजिक संस्थांची नोंदणी दुहेरी असते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद घेऊन संस्था उभी राहते आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली तीच संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदली जाते. त्यामुळे लेटरहेडवर ‘कार्यकारिणी सदस्य’ असं लिहिलेलं असलं तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही विश्वस्त असता आणि विश्वस्ताच्या जबाबदाऱ्या तुम्हाला लागू होतात. उतारा देताना कुणी टाळाटाळ केली, तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून नक्कल मिळते. सातारा आणि सांगली, दोन्ही ठिकाणी हे कार्यालय आहे.

उतारा हातात आला की नावं वाचा. जुन्या संस्थांत वारंवार दिसतं ते असं: सातांपैकी दोघे वारलेले, एक पुण्याला स्थायिक झालेला, एकाने कधीतरी तोंडी राजीनामा दिलेला, आणि आज प्रत्यक्ष काम ओढणाऱ्या एकाचंही नाव नाही. दरम्यान निवडणुका झाल्या, हारतुरे झाले, बातमी छापून आली. मंडळातला बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज मात्र कुणी दाखल केला नाही, किंवा केला आणि सुनावणीच्या तारखांना कुणी गेलं नाही.

याची किंमत पुढे मोजावी लागते. सह्या बदलायला गेलं की बँक परिशिष्ट मागते. आयकराच्या, जुन्या कलमांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणीचं नूतनीकरण करताना विश्वस्तांची यादी जुळावी लागते. सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, निधी देणारी कंपनी तपासणीत पहिल्यांदा हाच कागद बघते. तिथे दिवंगत माणसाचं नाव दिसलं की प्रस्ताव कितीही चांगला असो, फाइल बाजूला पडते.

बदल अर्ज म्हणजे १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खालचा चेंज रिपोर्ट. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. सोबत सभेच्या नोटिशीची प्रत, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि ओळखीचे पुरावे, जाणाऱ्याचा लेखी राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, आणि अर्जदार विश्वस्ताचं शपथपत्र जोडतात. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि त्यात खरं कारण लिहावं लागतं. २०१२, २०१७ आणि २०२२ असे तीन बदल साचले असतील, तर सगळ्यात जुन्यापासून क्रमाने सुरुवात करा. आधीच्या मंडळाची निवड मान्य झालेली नसताना त्याच मंडळाने घेतलेल्या सभेतली पुढची निवड मान्य करून घेणं फार अवघड जातं. हे काम कंटाळवाणं आहे. तरी नव्या विश्वस्ताने पहिल्या वर्षी यापेक्षा मोठं दुसरं कुठलंच काम अंगावर घेऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

अर्ज अडकतात ते बहुधा नोटिशीवर. नोटीस किती दिवस आधी आणि कशी द्यायची, हे घटनेत लिहिलेलं असतं. घटनेत लेखी नोटीस म्हटली असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप आणि त्याखालचे अंगठे पुरत नाहीत. पोचवहीत सही घ्या किंवा टपालाने पाठवून पावती जपा. दुसरी अडचण ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या ओळीची. विश्वस्ताची निवड, घटनेतली दुरुस्ती, जागेचा व्यवहार यांतलं काहीही ऐनवेळच्या विषयात घेऊ नका. विषयपत्रिकेत नव्हतं एवढ्या एका मुद्द्यावर हरकत येते आणि ती टिकते.

प्रोसिडिंग बुक

प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, बांधीव असावं, पानांना आधीच क्रमांक घातलेले असावेत. शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यामध्ये कोरी जागा राहिली असेल तर ती तिरपी रेघ मारून बंद करा, कारण वाद झाला की सगळ्यांचं बोट तिथेच जातं. ‘शिबिर घेण्याचे ठरले’ हा ठराव नव्हे. ठराव असा लिहावा: ‘ठराव क्र. ४. आटपाडी तालुक्यातील १६ ते २१ वयोगटातील ४० युवक-युवतींचे तीन दिवसांचे निवासी शिबिर मे महिन्यात घ्यावे. खर्चाची मर्यादा रु. ९०,००० राहील व तो युवा प्रशिक्षण निधीतून करावा. अंमलबजावणी सचिवांनी करून हिशेब पुढील सभेत ठेवावा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.’ कोण, किती, कुठून, कधीपर्यंत, हे चारही त्यात आलं. कुणाचा विरोध असेल तर तो त्याच्या नावानिशी लिहा. वादग्रस्त खर्चाची जबाबदारी पुढे ठरवायची वेळ आली, तर विरोध नोंदवलेल्याचं म्हणणं त्या नोंदीवर उभं राहतं. गप्प बसलेल्याकडे दाखवायला काही नसतं.

तरुण विश्वस्त घ्यायचे तर एकटादुकटा घेऊ नका, निदान दोघं घ्या आणि त्यांत एक मुलगी असू द्या. पासष्टीच्या सहा जणांसमोर बावीस वर्षांची एकटी मुलगी पहिल्या तीन सभा बोलतच नाही, आणि मग ‘तरुणांना रस नाही’ असा शिक्का बसतो. वय १८ पूर्ण हवं. त्याहून लहानांसाठी सल्लागार गट करता येतो, पण त्याला ठरलेलं काम द्या. उदाहरणार्थ, पुढच्या वर्षीचे शिबिराचे विषय त्यांनी सुचवायचे, आणि मंडळाने ते नाकारले तर कारण लेखी कळवायचं. प्रवासखर्चाचा दर ठरावाने ठरवून द्या. जतहून साताऱ्याला सभेला येणाऱ्याचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते, म्हणून सभा आलटून पालटून कराड, विटा, मिरज अशा ठिकाणी ठेवणं हाही न्यायाचाच भाग आहे. भरभक्कम घटना असलेल्या संस्थेतही प्रवासखर्चाचा नियम नसल्यामुळे मंडळावर फक्त शहरातले आणि पेन्शनवाले उरतात.

पैसा

बँक खात्यावर तिघांचे सहीचे अधिकार आणि कोणत्याही दोघांच्या सह्या, ही पद्धत चांगली चालते. तिघांतले दोघे एकाच घरातले नकोत. कोरे चेक सह्या करून ठेवायचे नाहीत, कार्यकर्ता कितीही विश्वासू असला तरी.

हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात सहा महिन्यांत द्यायचा असतो. ८०जीची सवलत देणाऱ्या संस्थेने देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला कळवायची असते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही. जत्रेत किंवा सत्काराला पाकीट देणाऱ्याला हे तिथेच सांगा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुना नमुना समोर ठेवून अर्ज भरू नका, सनदी लेखापालाकडून तपासून घ्या.

सर्वांत जास्त घोळ होतो तो पगाराच्या महिन्यात. सीएसआरचा हप्ता लांबतो, कार्यकर्त्यांचं मानधन थकतं आणि एखादा विश्वस्त चांगल्या मनाने हातउसने देतो. १९५० च्या कायद्यातल्या कलम ३६ए प्रमाणे न्यासासाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हातउसन्याची नोंद ताळेबंदात ‘कर्ज’ म्हणून येते आणि लेखापरीक्षक त्यावर शेरा मारतो. त्यापेक्षा तीन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम राखीव निधी म्हणून बाजूला ठेवा आणि तिला हात लावायला मंडळाचा ठराव लागेल असं करा. एका कामासाठी आलेला निधी दुसऱ्या कामाला वळवून ‘नंतर भरू’ म्हणणं हेही थांबवा.

विश्वस्ताच्या भावाच्या दुकानातून सतरंज्या घ्यायच्या असतील तर ते नातं सभेत सांगा, आणखी दोन दरपत्रकं मागवा, आणि निर्णय होताना त्या विश्वस्ताने बाहेर थांबावं. या तिन्ही गोष्टी प्रोसिडिंगमध्ये लिहा.

शाळेत आणि गावात

हा मुलूख या विषयाला परका नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म नायगावचा, खंडाळा तालुक्यातला. बाबासाहेबांचा शाळाप्रवेश साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी झाला आणि राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कराड तालुक्यातल्या काले गावी १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. म्हणून मुख्याध्यापक ७ नोव्हेंबर, २६ नोव्हेंबर (संविधान दिन) किंवा ३ जानेवारीला (सावित्रीबाईंची जयंती) पाहुणे म्हणून आनंदाने बोलावतात. पण त्या दिवशी मिळतात वीस मिनिटं, तीही भाषणांच्या मध्ये. त्याला प्रशिक्षण समजून अहवालात आकडे भरू नका. त्याच आठवड्यातले दोन सलग तास मागा.

वेळापत्रक मंजूर करताना मंडळाने गावाचं पंचांग बघावं. चैत्रातल्या यात्रा, जूनची पेरणी, ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद-फलटण मार्गावर असतानाचे दिवस, फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा, या काळात मुलं येत नाहीत. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या परिसरातल्या कोपींवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, वेगळीच मुलं असतात. त्यांच्यासाठी काम करायचं असेल तर दिवाळीनंतर सुरुवात करून मार्चपर्यंत संपवायला हवं. जत तालुक्याच्या कर्नाटकाला लागून असलेल्या गावांत कन्नड बोलणारी मुलं आहेत, तिथे कन्नड येणारा प्रशिक्षक ठेवा. संध्याकाळचं सत्र शेवटच्या एसटीच्या निदान अर्धा तास आधी संपलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी मुलींना घरून पाठवत नाहीत.

एक नियम मंडळाने लेखी करून ठेवावा: कोणत्याही सत्रात मुलाला स्वतःची जात सांगायला लावायची नाही. आडनाव विचारून गट पाडणं, शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचणं, ‘आरक्षण कुणाकुणाला आहे, हात वर करा’ म्हणणं, या गोष्टी जात समजावून सांगण्याच्या उत्साहात घडतात आणि ज्याच्यासाठी हे शिक्षण चाललं आहे तोच मुलगा दुसऱ्या दिवसापासून यायचा थांबतो.

आंतरजातीय विवाह किंवा सामाजिक बहिष्कार हे विषय निघाले की गावातून फोन येतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१६ चा आहे, तो प्रशिक्षकाला माहीत हवा. फोन मात्र प्रशिक्षकाने एकट्याने झेलायचा नाही. मुख्याध्यापकांना विषयांची यादी आधीच लेखी दिलेली असावी, आणि गावाशी बोलायला कोणता विश्वस्त जाणार हे वर्षाच्या सुरुवातीला ठरलेलं असावं. दबाव आला की कार्यकर्त्याला एकटं सोडणारं मंडळ चांगली माणसं गमावतं. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर त्या काळात उमेदवाराला मंचावर बसवू नका आणि कसलंही वाटप करू नका, मग तो संस्थेचा जुना हितचिंतक का असेना.

निवासी शिबिराला दहा मुलांमागे एक प्रौढ आणि मुलींच्या खोलीजवळ मुक्कामाला महिला कार्यकर्ती, यात तडजोड नको. लैंगिक अत्याचाराची तक्रार कानावर आली आणि मूल १८ वर्षांखालचं असेल, तर ‘आधी मंडळाची चौकशी करू’ हा पर्याय कायद्यात नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्याबद्दल एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा फोन क्रमांक शिबिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. संस्थेत दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हे प्रत्येक कार्यकर्तीला रुजू होतानाच सांगा.

मंडळ सोडताना राजीनामा लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. तुमच्याकडे असलेली वही, चेकबुक, पासवर्ड, किल्ल्या यांची यादी करून दुसऱ्या विश्वस्ताच्या सहीने सोपवा आणि बँकेला स्वतः पत्र द्या. राजीनाम्याचा बदल अर्ज ९० दिवसांत दाखल झाला का, हे सचिवांना विचारा. काही महिन्यांनी परिशिष्टाचा नवा उतारा काढून तुमचं नाव खरंच कमी झालंय का ते पाहा. ते होईपर्यंत धर्मादाय कार्यालयाची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येणार.