पाना हातात घेण्याआधी: जुनी डॉज-प्लिमथ उभी करायची तयारी

आधी नंबर. इंजिन, पत्रा, रंग, क्रोम हे सगळं नंतर. सांगली-मिरजेत किंवा कराड-साताऱ्याकडे एखाद्या जुन्या वखारीत ताडपत्रीखाली अमेरिकन गाडी निघाली, सौदा ठरला, की पहिल्याच रविवारी बॉनेट उघडून पाने चालवायचा मोह होतो. तो आवरा. गाडी जागची हलवण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबर शोधा, मातीचा लेप पुसून वाचा, ते जिथे आहेत तिथेच त्यांचे फोटो काढा आणि पेन्सिलीने कागदावर ठसे घ्या. पहिल्या गाडीच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. सँडब्लास्टिंगवाल्याने (वाळूचा मारा करून गंज-रंग काढणाऱ्याने) नंबरपट्टीसकट दाराचा खांब साफ करून दिला. ती गाडी आज उत्तम चालते आणि नोंदणीअभावी शेडमध्ये उभी आहे. म्हणून पुढे हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

मी इथे क्रायस्लर घराण्यातल्या १९४६ ते १९५४ च्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो धरून चाललो आहे, कारण आपल्या भागात त्या सापडतात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून याच गाड्या जोडायला सुरुवात केली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे ते हेच वालचंद. काही गाड्या त्याआधी थेट बोटीने आलेल्या, काही इथे जोडलेल्या. तुमची कुठली, हे नंबरावरूनच कळायला सुरुवात होते.

नंबर कुठे असतात? सीरियल नंबरची, म्हणजे आपल्या कागदांतल्या चासी नंबरची, छोटी पट्टी पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते. दोन्ही बाजूंचे खांब बघा, एकाच बाजूला बघून नाही म्हणू नका. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला पुढे, डायनमोच्या वर, हेडच्या खालच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. तिथे तेलाचा जाड थर असतो. तो रॉकेल आणि कापडाने काढा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावायचा नाही. नंबराची सुरुवात नीट वाचा. पी१५ असेल तर ते १९४६-४८ च्या प्लिमथचं इंजिन, डी२४ असेल तर त्याच काळातल्या डॉजचं. टी या अक्षराने सुरुवात झाली तर ते ट्रकचं इंजिन आहे, म्हणजे मधे कुणीतरी बदललेलं. ट्रकचंही इंजिन त्याच जातीचं, बसतं आणि चालतं, पण कागदाशी ते जुळणार नाही. हे पैसे मोजण्याआधी कळायला हवं.

मग ठसे आणि आरसी बुक शेजारी शेजारी ठेवून एकेक अंक जुळवा. जुनी बुकं हाताने लिहिलेली असतात. एक आणि सात, तीन आणि आठ यांत घोळ असतो. इंजिन नंबर चासीच्या रकान्यात लिहिलेलाही सापडू शकतो, कारण त्या काळी अमेरिकेतही बऱ्याच राज्यांत गाडीची ओळख इंजिन नंबरावरूनच धरत. असा फरक दिसला तर गाडी न खोलता आधी आरटीओकडे लेखी अर्ज करून दुरुस्ती मागा. गाडी अख्खी उभी असताना निरीक्षक येऊन नंबर बघू शकतो. गाडी पन्नास डब्यांत गेली की त्याला दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. आणि नंबर पुसट आहे म्हणून कुणी 'पंच मारून देतो' म्हणालं तर त्याला दारात उभं करू नका. स्वतःहून पाडलेला नंबर म्हणजे गाडी कायमची संशयात, आणि तुम्हीही.

कागद थोडक्यात. आरसी हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. नेहमीच्या विक्रीला २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. एमएच मालिका १९८९ ची, तुमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा जुन्या कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा मिळतो का हे जाऊन बघावं लागतं, ऑनलाइन शोधून भागत नाही. विकणारा 'कागद नंतर देतो' म्हणाला तर गाडीही नंतर घ्या. गाडी आत्ता परदेशातून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीची नोंद, हाच तिचा जन्मदाखला. त्यावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर बंदरावरच जुळवून घ्या, इथे आणून नव्हे. स्टिअरिंग डावीकडे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार दिशादर्शक यंत्रणा बसवलेली आणि चालू असल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही.

आता नियम, कारण दुरुस्ती किती आणि कशी करायची हे त्यावर ठरतं. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ ला विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी यात बसते. अर्ज फॉर्म २० वर, परिवहन पोर्टलवरून. सोबत विमा, आधीची आरसी किंवा आयात गाडीची बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाची ५,०००. नोंदणी दहा वर्षांची. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो, नवा घेतला तर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए लागतं. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच. लग्नाच्या वराती भाड्याने मारून खर्च काढू असा हिशेब कुणी मांडला असेल तर त्याने हा मार्ग धरू नये.

'मूळ रूपात' हे शब्द दोनदा वाचा. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक अमेरिकन गाड्यांत मागे डिझेल इंजिन बसवली गेली. अशी गाडी स्वस्त मिळते आणि इथे अडकते. बदललेलं इंजिन काढून त्या काळचं इंजिन मिळवलंत तरी त्याच्यावरचा नंबर वेगळा असणार. पुन्हा नंबरच.

गाडी कुठे उभी होती हे विचारा. सांगलीत हे विचारायलाच लागतं. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना कारण सांगायची गरज नाही. गावभाग, खणभाग, मारुती चौक किंवा शामरावनगरातल्या तळमजल्यावरची गाडी वरून पुसलेली असते, पण चासीच्या पोकळ पट्ट्यांत, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि डिफरन्शिअलमध्ये (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यात) कृष्णेचा गाळ बसलेला असतो. डिफरन्शिअलचं तेल दुधाळ निघालं की समजा. कागदांचीही तीच गोष्ट. आरसी, ठसे, फोटो यांचा एक संच घरी वरच्या मजल्यावर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा.

एवढं झालं की पाना उचला, पण इंची. मिलिमीटरचे पाने या गाड्यांना लावले की बोल्टांची डोकी गोल होतात आणि मग छिन्नी निघते. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे मेकॅनिकला आधी सांगा, नाहीतर तो पाइप लावून बोल्ट तोडतो आणि गाडीलाच दोष देतो. मागचे ड्रम निमुळत्या शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसवलेले असतात. त्यांना दणकट पुलरच (ड्रम ओढून काढायचं हत्यार) लागतो, हातोडा मारला की शाफ्टचे आटे आणि बेअरिंग दोन्ही जातात. पुलर विकत मिळाला नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नरकडून करून घ्या. घाईने ठोकाठोकी नको. हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या मुख्य शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घसरते. चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणालाही खाली जाऊ देऊ नका, पोरांना तर नाहीच.

इंजिन साधं आहे, बाजूच्या वाल्व्हचं सहा सिलेंडरचं. क्रँक, बोअर, पिस्टन-रिंगा हे काम आपल्याकडे चांगलं होतं, त्यावर लिहीत नाही. पण एक गोष्ट बहुतेक मेकॅनिकना माहीत नसते. वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, ब्लॉकइतकी लांब पत्र्याची नळी असते. तिच्या भोकांतून प्रत्येक वाल्व्हजवळ पाणी पोचतं. सत्तर वर्षांत ती कुजते, पुढच्या सिलेंडरना पाणी मिळतं आणि मागचे दोन भाजत राहतात. तापमानाचा काटा मात्र ठीक दाखवतो. रेडिएटर आणि पंप उतरवून ती समोरून ओढून काढायची, अखंड निघाली नाही तर तुकड्यातुकड्याने, आणि पितळेची नवी करून घालायची. रेडिएटर तीनदा धुऊनही गाडी तापते म्हणणाऱ्यांनी ही नळी बघितलेली नसते. ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (पाण्याच्या भोकांना बसवलेली पत्र्याची बुचं) त्याच वेळी बदला आणि तळाचा गाळ उकरा.

ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवताना नंबराच्या जागेवर चिकटपट्टी लावा आणि खडूने 'इथे घासू नये' असं लिहा. तोंडी सांगून भागत नाही. तुमच्याशी बोलणारा माणूस वेगळा आणि मशीनवर उभा पोरगा वेगळा.

वायरिंग सहा व्होल्टचं आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या पत्र्याला. बॅटरी उलटी जोडू नका. सहा व्होल्टला त्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीची केबल जाड हवी. मारुतीची बारीक केबल घातली की गरम इंजिनला स्टार्टर रडतो आणि मग सगळे बारा व्होल्ट करा म्हणतात. करू नका. जाड केबल, साफ अर्थिंग, काम होतं.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्याच ऊसपट्ट्यातलं असलं तरी जुन्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, पाइप आणि पॅकिंग इथेनॉल सोसणारं घाला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. ब्रेक एकाच सर्किटचे आहेत, एक पाइप फुटला की पेडल जमिनीला. सगळे पाइप, होज आणि सिलेंडरच्या रबरी वाट्या नव्या घाला, यात काटकसर नाही. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन व्हील सिलेंडर असतात, हिशेब त्याप्रमाणे करा. १९४८ पर्यंतच्या प्लिमथला ६.००-१६ टायर लागतो. त्याच मापाचा ट्रॅक्टरचा पुढचा टायर कुठेही मिळतो, तो बसवू नका. रस्त्याच्या वेगासाठी तो नाही.

पत्रा आणि रंग. ब्लास्टिंगला देण्याआधी दाराच्या खांबावरची नंबरपट्टी, फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरची) बॉडी नंबरची पट्टी आणि चासीवर ठोकलेला कुठलाही नंबर यांवर जाड रबर चिकटवून झाका. पट्टी काढून खिशात ठेवू नका, जागेवरच राहू द्या. ब्लास्टिंग चालू असताना तिथे थांबा. दिवसभर थांबावं लागलं तरी थांबा. रंगाआधी पुन्हा झाका, रंगानंतर उघडून पुन्हा फोटो काढा. पुट्टीखाली गेलेला नंबर आणि हरवलेला नंबर यांत तपासणीला काही फरक राहत नाही. रंगाची छटा, क्रोम, सीटचं कापड हे तुमच्या आवडीने आणि ऐपतीने.

शेवटचं भराभर. विमा आधी घ्या, फॉर्म २० ला तो लागतो. पॉलिसीवर नंबर ठशाबरहुकूम आहे का ते सही करण्याआधी तपासा. मग फी, मग राज्याच्या समितीपुढे तपासणी. तपासणीला गाडी धुऊन न्या, नंबरांच्या जागा उजेडात येतील अशी उभी करा, टॉर्च न्या, खोलण्याआधीचे फोटो छापून न्या. मोबाइल दाखवत बसू नका. नियमाप्रमाणे नोंदणी साठ दिवसांत मिळायला हवी, पोचपावती जपा. नंबर हाती येईपर्यंत ब्रेक आणि तापमानाची चाचणी आवारातच. त्यानंतर पहिली फेरी सकाळी लवकर, मिरजेच्या रस्त्याने, सोबत पाण्याचा कॅन आणि इंची पान्यांचा संच. खंबाटकी घाट पहिल्या वर्षी नको.