आपला देश छायाचित्रकारांपुढे मांडताना

आपल्या देशाकडे प्रवासी छायाचित्रकारांची पावले वळावीत असे वाटत असेल, तर स्थळांचे गोडवे गाण्याआधी तेथील प्रकाशाची माहिती द्यावी. ‘सुंदर तलाव’ एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही. मात्र कोणत्या महिन्यात सूर्य तलावाच्या कोणत्या बाजूने उगवतो, धुके साधारण किती वाजता विरते, काठावर ट्रायपॉड उभा करण्याइतकी जागा आहे का आणि तेथे विस्तृत दृश्य टिपणारी वाइड लेन्स लागेल की दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो, हे लिहिले, की दूरदेशी बसलेला माणूस दौरा आखू लागतो. आकाशगंगेसाठी अमावस्येच्या आसपासच्या रात्री सुचवाव्यात. सोबतच्या छायाचित्रांचे रंग भडक करू नयेत, कारण प्रत्यक्षात तसे दिसले नाही, तर पाहुण्याचा विश्वास उडतो.

नियमांविषयी मोघम लिहू नये. ड्रोनला परवानगी लागते का, संग्रहालयात फ्लॅश चालतो का, हे अधिकृत सूचना पाहूनच सांगावे. महागडी उपकरणे तात्पुरती आणणाऱ्या व्यावसायिकांसाठी आपला देश एटीए कार्नेट हा, शुल्क न भरता सामान तात्पुरते आणू देणारा सीमाशुल्काचा दस्तऐवज स्वीकारत असल्यास तेही आवर्जून नमूद करावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती माणसांची बाजू. ‘आपला फोटो काढू का?’ हे वाक्य स्थानिक भाषेत, उच्चारासह द्यावे, आणि समोरच्याने नकार दिल्यास कॅमेरा लगेच खाली घ्यावा, हेही स्पष्ट लिहावे. दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांचे नेमके ठिकाण मात्र कधीही जाहीर करू नये.